अण्णाभाऊ साठे स्मारक : वाटेगाव, घाटकोपर ते मॉस्को... कुठे काय आहे, कसं जायचं? वाचा संपूर्ण माहिती

लोकशाहीर, साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांचं नाव माहीत नाही असा माणूस आपल्या भागात सापडणार नाही. १ ऑगस्ट आला की गावागावांत मिरवणूक निघते, चौकात प्रतिमापूजन होतं, शाळेत पोरं भाषणं करतात. पण 'अण्णाभाऊंचं स्मारक नेमकं कुठं आहे?' असं विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी वाटेगाव म्हणतं, कुणी मुंबईचं घाटकोपर म्हणतं, तर कुणी थेट रशियाचं नाव घेतं.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. मात्र प्रत्येक ठिकाणची गोष्ट वेगळी आहे. आपल्या भागातली बरीच मंडळी मुंबईत भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर या पट्ट्यात कामाधंद्यासाठी राहतात. त्यांच्याकडे जाणं-येणं असतंच. म्हणून तिथल्या स्मारकाची माहिती या लेखात जास्त सविस्तर दिली आहे. शेवटी, गावात पुतळा बसवायचा असेल तर काय नियम आहेत आणि अण्णाभाऊंची पुस्तकं कुठं मिळतात, हेही सांगितलं आहे.

थोडक्यात माहिती

मूळ नाव : तुकाराम भाऊराव साठे
आईचं नाव : वालुबाई
जन्म : १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, ता. वाळवा, जि. सांगली
निधन : १८ जुलै १९६९, गोरेगाव, मुंबई
ओळख : शाहीर, कादंबरीकार, कथाकार, लोकनाट्यकार
गाजलेली कादंबरी : फकिरा (१९५९), राज्य सरकारचा पुरस्कार १९६१
कलापथक : लाल बावटा कलापथक (१९४४), सोबत शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर
टपाल तिकीट : १ ऑगस्ट २००२, किंमत ४ रुपये

लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट : ज्या दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले, त्याच दिवशी, म्हणजे १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत लोकमान्य टिळकांचं निधन झालं. त्यामुळे जयंती आणि पुण्यतिथी एकाच तारखेला येते. बहुतेक शाळांत दोन्ही कार्यक्रम एकत्रच होतात.

१) वाटेगाव : जन्मगाव

वाटेगाव हे वाळवा तालुक्यातलं गाव. तालुक्याचं ठिकाण इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर. पुण्याहून कोल्हापूरकडे हायवेने येताना कराड ओलांडलं की पुढे कासेगाव लागतं. तिथून आत वळून वाटेगावला जाता येतं. रेल्वेने यायचं असेल तर कराड स्टेशन सोयीचं.

मातंग समाजातल्या गरीब घरात अण्णाभाऊंचा जन्म झाला. वडील भाऊराव मुंबईत राबायचे. शाळेत अण्णाभाऊ जेमतेम दीड दिवस गेले. पुढचं अक्षरज्ञान त्यांनी मुंबईत दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टर आणि हाताला येईल तो कागद वाचून मिळवलं. 'दीड दिवसाची शाळा शिकलेला साहित्यिक' असं त्यांना म्हणतात ते यामुळेच.

वाटेगावचं महत्त्व फक्त जन्मापुरतं नाही. 'फकिरा' कादंबरीतला नायक याच मातीतला. दुष्काळात माणसं उपाशी मरायला लागल्यावर धान्य आणि खजिना लुटून गोरगरिबांत वाटणारा हा वीर अण्णाभाऊंच्या नात्यातला होता. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी फकिराने लुटीतले पैसे ओंजळीने त्यांच्या घरी दिले, अशी आठवण चरित्रकार सांगतात. ही कादंबरी अण्णाभाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

दरवर्षी १ ऑगस्टला राज्यभरातून लोक वाटेगावला येतात. त्या दिवशी गर्दी खूप असते. शांतपणे बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी जावं. गावातल्या स्मारकाच्या विकासासाठी राज्याच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पातही घोषणा झाली होती.

२) चिरागनगर, घाटकोपर : जिथे लेखन झालं

१९३१ च्या सुमारास साठे कुटुंब गाव सोडून मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून चालत. आजच्या रस्त्याने हे अंतर तीनशे किलोमीटरच्या वर आहे. वाटेत मिळेल ते काम करत, मिळेल ते खात हे कुटुंब मुंबईत पोचलं.

मुंबईत अण्णाभाऊंनी कोळसा वेचला, फेरीवाल्यामागे गाठोडं वाहिलं, गिरणीत काम केलं. गिरणी सुटल्यावर काही काळ ते गावी परतले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात राहिले. पुन्हा मुंबईला आले ते शाहीर म्हणून. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळीशी त्यांचा घट्ट संबंध आला. त्यानंतर सुमारे दोन दशकं त्यांचा मुक्काम होता घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत.

पत्र्याच्या, दाटीवाटीच्या या वस्तीत बसून त्यांनी कितीतरी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. 'चिरागनगरची भुतं' या नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. गावाकडची वारणा-कृष्णेची माणसं आणि मुंबईच्या झोपडपट्टीतली माणसं अशी दोन्ही त्यांच्या लेखणीत एकत्र आली ती इथे. म्हणून चिरागनगरला राष्ट्रीय दर्जाचं स्मारक व्हावं ही मागणी जुनी आहे.

कसं जायचं?

भांडुपला पाहुण्यांकडे उतरला असाल तर मुंबईकडे, म्हणजे सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल धरा. भांडुपनंतर कांजूरमार्ग, मग विक्रोळी आणि तिसरं स्टेशन घाटकोपर. पश्चिमेला बाहेर पडायचं. चिरागनगर घाटकोपर पश्चिमेलाच आहे, रिक्षावाल्याला नाव सांगितलं तरी पुरे. अंधेरी-वर्सोव्याकडून येणार असाल तर मेट्रो थेट घाटकोपर स्टेशनला येते.

एक सूचना : ही पर्यटनाची जागा नाही, माणसांची राहती वस्ती आहे. दारादारात उभं राहून फोटो, रील काढू नका. कुणाला विचारायचं असेल तर नीट विचारा. बहुतेक जण आपुलकीने सांगतात.

स्मारक आणि वस्तीतली घरं

चिरागनगरच्या स्मारकाची गोष्ट इतर स्मारकांपेक्षा वेगळी आहे. मोकळ्या मैदानावर चौथरा बांधून पुतळा बसवावा, असं इथे नाही. जागा म्हणजे लोकांची घरं आहेत. म्हणून राज्य सरकारने हे स्मारक झोपडपट्टी पुनर्वसन योजनेला जोडलं. म्हणजे आधी वस्तीतल्या कुटुंबांना पक्की घरं आणि त्याच जागेच्या काही भागावर स्मारक, अशी ही कल्पना.

आपल्यापैकी कुणाचे नातेवाईक अशा वस्तीत राहत असतील तर पुनर्वसनाचे हे साधे नियम त्यांना माहीत असू द्या :

- १ जानेवारी २००० पूर्वीपासून झोपडीत राहत असल्याचा पुरावा असेल तर पुनर्वसनाचं घर मोफत मिळतं.
- २००० नंतरच्या, पण १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना ठरलेली रक्कम भरून घर मिळू शकतं.
- पात्र-अपात्र ठरवणाऱ्या यादीला 'परिशिष्ट-२' म्हणतात. या यादीत आपलं नाव कसं आहे, हे स्वतः तपासावं.
- जुनं वीजबिल, मतदार यादीतलं नाव, रेशनकार्ड, झोपडीचा फोटोपास अशी कागदपत्रं जपून ठेवावीत. झोपडी मोडण्याआधी पर्यायी जागा किंवा भाडं याबद्दल लेखी करार घ्यावा.

हे इथे सांगायचं कारण एवढंच की या स्मारकाचं मोल पुतळ्याच्या उंचीवर ठरणार नाही. अण्णाभाऊ ज्यांच्यात राहिले त्या माणसांच्या डोक्यावर छप्पर आलं का, यावर ते ठरेल. त्यांच्या शेजारच्या माणसाला घर न मिळता त्यांचं स्मारक उभं राहिलं, तर तो त्यांचा मान कसला?

'स्मशानातील सोनं' ही त्यांची कथा अनेकांनी शाळा-कॉलेजात वाचली असेल. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो. डोंगराला लागून असलेल्या उपनगरात खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. घरात बायको आणि लहान लेक. शेवटी जळालेल्या मढ्यांच्या राखेत तो सोनं शोधायला लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज होते, हाताची बोटं जातात आणि त्याच वेळी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. आपल्याकडून मुंबईला कामाला गेलेल्या माणसाची ही कथा आहे. तेव्हाची गिरणी आणि खाण आज नाही, त्याजागी सिक्युरिटी, डिलिव्हरी, बांधकाम आलं. पण काम सुटलं की भाड्याच्या खोलीत काय होतं, हे मुंबईला गेलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

३) गोरेगाव : अखेरचं घर

अखेरच्या काळात अण्णाभाऊ चिरागनगर सोडून गोरेगावला सरकारकडून मिळालेल्या घरात राहायला गेले. तब्येत ढासळली होती, हातात पैसा नव्हता. १८ जुलै १९६९ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय फक्त ४८ वर्षं. पन्नाशीही न गाठलेल्या या माणसाने तीसहून जास्त कादंबऱ्या, ढीगभर कथा, लोकनाट्यं, पोवाडे, लावण्या आणि एक प्रवासवर्णन मागे ठेवलं. 'वैजयंता', 'फकिरा', 'वारणेचा वाघ' या कादंबऱ्यांवर सिनेमेही निघाले. लिहिणाऱ्याच्या घरात मात्र गरिबी शेवटपर्यंत होती.

मुंबईतच भायखळ्याला राणीच्या बागेजवळ त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. पुण्यात सारसबागेजवळ त्यांचा पुतळा आहे. तिथेही १ ऑगस्टला मोठी गर्दी होते.

४) मॉस्को : रशियातला पुतळा

१४ सप्टेंबर २०२२ रोजी रशियाची राजधानी मॉस्को इथल्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते हा कार्यक्रम झाला. मुंबई विद्यापीठाचाही त्यात सहभाग होता.

रशियातच का, असा प्रश्न अनेक जण विचारतात. उत्तर सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या स्टॅलिनग्राड शहराने हिटलरच्या फौजेला अडवलं. त्या लढाईवर अण्णाभाऊंनी १९४३ मध्ये 'स्टॅलिनग्राडचा पोवाडा' रचला. शिवरायांचा पोवाडा गाणाऱ्या डफावर त्यांनी रशियाच्या कामगारांची लढाई गायली. पुढे त्यांच्या काही लेखनाचा रशियन भाषेत अनुवाद झाला. १९६१ मध्ये ते स्वतः रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिलं. दीड दिवसाच्या शाळेतला माणूस चालत मुंबईला आला आणि विमानाने मॉस्कोला गेला, तो असा.

या पुतळ्याची जागाही ध्यानात घ्या. तो चौकात नाही, ग्रंथालयात आहे. आजूबाजूला पुस्तकं आहेत.

गावात पुतळा बसवायचा आहे? हे आधी वाचा

जयंतीच्या आधी अनेक गावांत पुतळ्याचा विषय निघतो. रातोरात पुतळा बसवला जातो, मग पोलीस येतात, तणाव होतो, पोरांवर गुन्हे दाखल होतात. नोकरीच्या वेळी तोच गुन्हा आडवा येतो. हे टाळता येतं.

- सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ता, फूटपाथ किंवा वाहतुकीच्या जागेवर नवीन पुतळ्याला परवानगी देता येत नाही. चौकाच्या मधोमध पुतळ्याची मागणी बहुतेकदा इथेच अडते.
- राज्यात पुतळ्यांसाठी सामान्य प्रशासन विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. परवानगीचा विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो.
- ग्रामपंचायतीचा ठराव, जागेच्या मालकीचे कागद आणि पोलिसांचा कायदा-सुव्यवस्थेबाबतचा अभिप्राय लागतो.
- पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. चेहरा नीट आला नाही तर पुढे वाद होतात, म्हणून ही अट आहे.
- पुतळ्याची देखभाल आणि पावित्र्य राखण्याची जबाबदारी संबंधित संस्थेने लेखी घ्यावी लागते.

घाई करू नका. आधी तहसील कार्यालयात चौकशी करा, अर्जाची पोच घ्या.

पुतळ्याला परवानगी नाही, पण वाचनालयाला कोण अडवणार?

गावात शासनमान्य वाचनालय असेल तर तिथल्या कपाटात अण्णाभाऊंची किती पुस्तकं आहेत, एकदा बघून या. अनेक ठिकाणी भिंतीवर फोटो असतो आणि कपाटात एकही पुस्तक नसतं. वर्गणीतला डीजेचा खर्च थोडा कमी केला तरी फकिरा, वैजयंता, वारणेचा वाघ आणि कथासंग्रह गावात येतात.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ मध्ये अण्णाभाऊंचं निवडक वाङ्मय एका मोठ्या ग्रंथात छापलं. सरकारी प्रकाशन असल्याने ते शासकीय ग्रंथ विक्री केंद्रात विचारावं.

मोबाईलवर पीडीएफ फिरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतरचं वर्ष धरून पुढे ६० वर्षं कॉपीराइट राहतो. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हक्क आहे. १ जानेवारी २०३० पासून ती पुस्तकं कुणालाही छापता, वाटता येतील. तोपर्यंत विकतच घ्यावीत किंवा वाचनालयातून आणावीत.

नावाच्या संस्था

अण्णाभाऊंच्या नावाने दोन सरकारी संस्था आहेत, ज्यांचा थेट उपयोग होऊ शकतो. साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ १९८५ मध्ये स्थापन झालं. मातंग समाज आणि त्यातल्या पोटजातींतल्या लोकांसाठी कर्ज आणि प्रशिक्षणाच्या योजना इथे असतात. दुसरी 'आर्टी', म्हणजे अण्णाभाऊ साठे संशोधन व प्रशिक्षण संस्था. ती २०२४ मध्ये सुरू झाली. बार्टी, सारथी यांच्या धर्तीवर स्पर्धा परीक्षा, संशोधन आणि कौशल्य प्रशिक्षण हा तिचा विषय. महामंडळाच्या योजनांची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी, एजंटला पैसे देऊ नयेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अण्णाभाऊंना लोकशाहीर का म्हणतात?
पोवाडा, लावणी आणि वगातून त्यांनी कामगार-शेतमजुरांची बाजू मांडली. तमाशाला लोकनाट्याचं रूप देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचं काय काम?
अमर शेख, गवाणकर यांच्यासोबत त्यांनी गावोगाव कार्यक्रम केले. 'माझी मैना' ही छक्कड त्या काळात घराघरांत पोचली. गावाकडे राहिलेल्या मैनेची आठवण सांगता सांगता ती बेळगाव, कारवारसारख्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाची गोष्ट होते. सीमाभागात आजही ती गायली जाते.

पहिल्या दलित साहित्य संमेलनाशी त्यांचा संबंध काय?
१९५८ मध्ये मुंबईत झालेल्या या संमेलनाचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून राबणाऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, हा त्यांचा विचार तिथलाच.

भाषणासाठी पोरांनी काय वाचावं?
तयार भाषण मोबाईलवरून उतरवण्यापेक्षा 'स्मशानातील सोनं' ही एक कथा पूर्ण वाचावी आणि ती आपल्या शब्दांत सांगावी. पाच मिनिटं पुरतात, आणि ऐकणारे जागचे हलत नाहीत.

एका दिवसात मुंबईतली ठिकाणं होतात का?
होतात. भांडुपहून सकाळी निघून घाटकोपर करावं. तिथून मेट्रोने अंधेरी, अंधेरीहून लोकलने गोरेगाव. परतताना वेळ उरला तर दादरला उतरून पुस्तकांच्या दुकानात जावं आणि गावच्या वाचनालयासाठी एक 'फकिरा' घेऊन यावी.